मुलांच्या चालीने नाशिक

नाशिकला जाऊन आलो असे कोणाला सांगितले, की समोरचा माणूस आधी चिवड्याची चौकशी करतो, मग द्राक्षांची. आणि वयाने जरा पोक्त असेल तर त्र्यंबकेश्वरी दर्शन नीट झाले का, याची. ‘मुलांना काय दाखवलेत?’ असे विचारणारा अजून भेटायचा आहे. आपल्याकडे तीर्थयात्रेत मुलांची जागा सामानाच्या लगतची. मोजून गाडीत चढवायची, मोजून उतरवायची, आणि मधल्या वेळात त्यांनी हरवू नये एवढीच अपेक्षा.

या खेपेला आम्ही ठरवले, की नाशिक पाहायचे ते मुलांच्या चालीने. म्हणजे आठ वर्षांचा थोरला जिथे थांबेल तिथे थांबायचे आणि पाच वर्षांची धाकटी जिथे बसेल तिथे बसायचे. बरोबर आमची आई होती. तिला हा बेत मुळीच पसंत नव्हता. “मुलांच्या कलाने चाललात तर रामकुंड परवा उजाडेल,” असे तिने दादरलाच भविष्य वर्तवले. मुलांच्या आईने बालसंगोपनावरची बरीच नवी पुस्तके वाचलेली आहेत. ती नुसती हसली. या दोघींच्या मध्ये खिडकीपाशी जागा मिळवून मी निमूटपणे बाहेर पाहू लागलो.

कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला इंजिने लागली. पुढचे ओढते आहे आणि मागची ढकलताहेत, ही गोष्ट थोरल्याला इतकी पटली की इगतपुरीपर्यंत त्याने दुसरे काही पाहिले नाही. धाकटी बोगदे मोजत होती. अर्थात सहानंतर पुन्हा चार येत होते. घाट संपला, हवा बदलली, आणि नाशिकरोड येईपर्यंत आई आणि सून या दोघींमध्ये एकच वाद झाला. तो म्हणजे शेंगदाण्याचा लाडू जेवणाआधी द्यावा की नंतर.

नाशिकरोड स्टेशनावर उतरून लोक जी रिक्षा करतात ती थेट पंचवटीकडे धावते. आम्ही आधी वेगळ्या रस्त्याला लागलो. त्या रस्त्याचे आणि तिथल्या वस्तीचे नावच जेलरोड. इथल्या मध्यवर्ती कारागृहाच्या उंच भिंतीबाहेर उभे राहून पाहण्यासारखे काही नाही, आणि आत जाण्याचे कारण ईश्वराने आम्हांला दिलेले नाही. पण महाराष्ट्रात मुले कशी वाढवावीत याविषयी सर्वांत अधिक वाचले गेलेले पुस्तक या नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली ती ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, आणि १३ तारखेच्या पहाटे लेखन हातावेगळे केले. पाच दिवस! मुलाचे शाळेतले प्रवेशाचे कागद गोळा करायला आपल्याला याहून अधिक लागतात.

लिहिणाऱ्याचे वय तेहेतीस, लग्न नाही, मूलबाळ नाही. आई जाऊन पंधरा वर्षे उलटून गेली होती. कोठडीत बसून त्या माणसाने पालगडचे घर आठवले, आणि ते घर पुढे मराठीतल्या लाखो घरांचे झाले. १९३५ मध्ये पुस्तक निघाले, १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्याचा बोलपट केला, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. २०२३ मध्ये त्याच कथेवर पुन्हा एक चित्रपट आला, तेव्हा आमच्या आईने आधीच्या चित्रपटाच्या आठवणीने पहिल्या पाचव्या मिनिटालाच पदर डोळ्यांना लावला होता.

भिंतीकडे पाहत आई म्हणाली, “एवढं एक पुस्तक वाचलं तरी पुरतं. बाकीची कशाला?” रोख कोणाकडे होता ते सांगायला नको.

त्या रोखठोक सवालाला उत्तर मिळाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, गंगेवर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. ‘घाटावर जाऊन येतो’ म्हणण्याऐवजी ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतात. रामकुंडाचा देखावा मोठ्या माणसाला ठाऊकच असतो. पिंडदान, अस्थिविसर्जन, ओल्या पंचांचे पिळे, गुरुजींची लगबग. मुलांच्या उंचीवरून तो वेगळा दिसतो. त्यांना दिसतात पायऱ्या, कबुतरे, पाण्यात उड्या मारणारी घाटावरची पोरे, आणि दुतोंड्या मारुती. नदीच्या पात्रात उभा असलेला हा मारुती दोन्ही बाजूंनी पाहणारा. पावसाळ्यात पूर आला की पाणी मारुतीच्या कुठपर्यंत चढले, यावरून शहर पुराचा अंदाज घेते. कमरेला लागले, छातीला लागले, अशी बातमी गावभर फिरते. पलीकडे नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा आहे, वसईच्या विजयाची आठवण सांगणारी. पाणी तिथवर पोचले म्हणजे पूर मोठाच. सरकारी मोजपट्टी असूनही लोकांचा विश्वास मारुतीवर. “म्हणजे तो पाण्यात बुडून सांगतो?” थोरल्याने विचारले. होय, असेच म्हणायला हवे.

धाकटीने मात्र पाणी पाहिले आणि माझ्या शर्टाचे टोक घट्ट धरले. आईचा हट्ट, की एवढ्या लांब आलो तर पोरीला एक बुडी दिलीच पाहिजे. “एकदा पाण्यात गेली की भीती जाते. श्यामच्या आईनं काय केलं?”

काय केले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. विहिरीत पोहायला शिकायला नको म्हणून श्याम माळ्यावर लपला; आईने त्याला शिंपटीने झोडपून बाहेर काढले आणि विहिरीवर पाठवले. तो पोहून आला. मग तिने त्याला जवळ घेतले, कारण मुलगा भित्रा म्हणून ओळखला जावा हे तिला सोसणारे नव्हते. वाचताना डोळे भरून येतात हे खरे. पण हेही लक्षात ठेवले पाहिजे, की ती शिंपटी आपण वाचतो ती आईवर जीव ओवाळून टाकणाऱ्या मुलाच्या लेखणीतून. ज्यांना नुसतीच शिंपटी मिळाली आणि मागाहून मांडी मिळाली नाही, अशी मुले पुस्तके लिहीत बसत नाहीत. श्यामच्या आईचे बळ मारण्यात नव्हते. चोवीस तास मुलाकडे तिचे लक्ष होते, त्याच्या मनात काय चालले आहे हे तिला कळत होते, तिथे होते. आपण बहुधा शिंपटी तेवढी उचलतो, कारण ती स्वस्त पडते.

मुलांची आई रामकुंडाच्या पायरीवर धाकटीला घेऊन बसली. काहीच बोलली नाही. अर्धा तास गेला. आईने स्नान केले, अर्घ्य दिले, आणि येताजाता दोघींकडे नापसंतीने पाहिले. शेवटी धाकटीने आपली कापडी बाहुली पाण्यात बुडवून बाहेर काढली, पिळली आणि निर्णय दिला, “हिला थंडी वाजली.” त्या दिवशी नदीस्नान एवढेच झाले. तिसऱ्या दिवशी पावले घोट्यापर्यंत भिजली. चौथ्या दिवशी आम्ही परत निघालो, तेव्हा गुडघे अजून कोरडेच होते. आईच्या मते यात्रा अपुरी राहिली.

आता ज्यांना हे फाजील लाड वाटतील त्यांच्यासाठी नाशिक जिल्ह्यातलीच दुसरी गोष्ट. आग्रा रोडने चांदवडकडे निघालात तर डोंगराच्या कुशीतले ते गाव, रेणुकेचे देऊळ आणि होळकरांचा रंगमहाल सगळे दाखवतील. पण १९२९ नंतरची काही वर्षे त्या भागातल्या ग्रामीण शाळेत एक तरुण बाई शिकवत होत्या, त्यांचे नाव प्रवासी मार्गदर्शिकेत सापडायचे नाही. अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांतच वैधव्य. केशवपन करून माजघरात बसवायचे ते वय. त्याऐवजी त्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेल्या आणि तिथून चांदवडला आल्या. गुरुजी नाशिकच्या तुरुंगात आई लिहीत होते त्या सुमारास अनुताई चांदवड सोडून पुण्याला हुजूरपागेत निघाल्या होत्या. पुढे १९४५ मध्ये त्यांना ताराबाई मोडक भेटल्या आणि दोघी बोर्डीला गेल्या.

ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबर काम करून आलेल्या. मुलाला मारू नये, धाक दाखवू नये, बक्षिसाची लालूचही दाखवू नये. त्याच्या हातांना काम द्यावे आणि मोठ्यांनी पाहत राहावे, हे माँटेसरीबाईंचे म्हणणे त्यांनी १९२६ पासून नूतन बालशिक्षण संघातून मराठी घरांपर्यंत आणले. परंतु माँटेसरीची साधने महाग, आणि बोर्डीच्या आदिवासी पाड्यांतली मुले बालवाडीत येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कोणी गुरांमागे जाई. तेव्हा या बायकांनी मुलांना शिस्त लावायचा विचार न करता बालवाडीच उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेऊन ठेवली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली, तिला नाव कुरणशाळा. शिंपले, बिया, खडे, पाने ही साधने. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातला तो शब्द देशाच्या सरकारी कागदावर चढला. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा रस्ता डहाणूकडे उतरतो. त्या वाटेवर पाड्यापाड्यांत अंगणवाडीची पाटी दिसते. ती पाटी पाहून शहरातला माणूस मान फिरवतो, कारण अंगणवाडी म्हणजे गरिबांच्या मुलांची सोय, अशी आपली समजूत. आपल्या मुलासाठी मात्र आपण त्याच कल्पनेची इंग्रजी नावाची आवृत्ती हजारो रुपये भरून घेतो, आणि तिथे तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल दिली नाही तर तक्रार करतो!

माझ्या मते ही दोन्ही घराणी, श्यामच्या आईचे आणि ताराबाईंचे, आपण समजतो तितकी एकमेकांविरुद्ध नाहीत. दोन्हींकडे मुलाला वेळ दिला आहे. आपली अडचण पद्धतीची नसून वेळेची आहे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी किमान तीन तास हालचाल करावी आणि पडद्यासमोर बसणे एका तासापलीकडे जाऊ नये. दोन खोल्यांच्या जागेत तीन तास हालचाल म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांशी तीन तास भांडण, हे त्या संघटनेला कोणी कळवलेले दिसत नाही. गंगेच्या घाटावर मात्र हे तीन तास कधी गेले ते समजलेसुद्धा नाही. बुधवार होता. घाटावरचा बाजार भरला होता. भाजीच्या पालांमधून धाकटी अशी काही फिरली की मेथीच्या तीन जुड्या विकून झाल्यावरच परतली. भाजीवालीने तिला गल्ल्यापाशी बसवून घेतले होते आणि सुटे पैसे मोजायला दिले होते. शिंपले-खड्यांचेच शास्त्र हे. त्या माउलीने कोणते पुस्तक वाचले असेल?

पंचवटीत सीतागुंफा मुलांसाठीच खोदली असावी अशी आहे. वाट इतकी अरुंद आणि बुटकी की मोठ्यांना ओणवे व्हावे लागते, पोट आवळावे लागते, आणि मुले ताठ मानेने पुढे जातात. बाहेर वडाची झाडे. आईने गोष्ट सांगायला सुरुवात केली. राम, सीता, लक्ष्मण इथे राहिले, शूर्पणखा आली, लक्ष्मणाने तिचे नाक कापले, नासिका म्हणून नाशिक. जुने लोक ‘नासिक’ असेच लिहीत. थोरल्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “पण ती आधी नुसती लग्नाचं विचारायला आली होती ना?” आईने पुढे ती सीतेवर धावून गेली वगैरे सांगितले. तरी त्याचे समाधान झालेले दिसले नाही. हजारो वर्षे मोठमोठे पंडित ज्यावर चर्चा करतात तोच हा प्रश्न, एवढेच मी म्हणालो.

खरी कसोटी पुढे होती. काळारामाचे देऊळ, काळ्या दगडाचे, भक्कम आणि देखणे; पेशवाईत ओढेकरांनी बांधलेले. प्रदक्षिणा घालून बाहेर आल्यावर महाद्वाराशी मी मुलांना सांगितले, की २ मार्च १९३० रोजी इथे हजारो माणसे आली होती. त्यांना देवळात जायचे होते, आणि त्यांना जाऊ दिले नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी तो सत्याग्रह आरंभला. याच जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. दारे बंद केली गेली. वर्षानुवर्षे लोक येत राहिले, मार खात राहिले. शेवटी १९३५ मध्ये याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले, की मी हिंदू म्हणून मरणार नाही.

“का नाही जाऊ दिलं?”

इथे सोपी उत्तरे पुष्कळ सुचतात. ‘तू मोठा झालास की कळेल’ हे त्यांतले सर्वांत सोपे. ‘पूर्वी तसंच होतं’ हे दुसरे. मुलाचे मन निर्मळ राहावे, आनंदी राहावे, म्हणून अशा गोष्टी लांब ठेवाव्यात असे सांगणारेही सुशिक्षित लोक आहेत. पण त्याच वर्गात, त्याच बाकावर, ज्याच्या पणजोबांना या दारातून हाकलले तो मुलगा बसतो. त्याला ही गोष्ट घरी कळलेली असते. एकाने ती ऐकून मोठे व्हायचे आणि दुसऱ्याने न ऐकता, तर दोघांची दोस्ती कोणत्या पायावर उभी राहायची? मी त्याला सांगितले, की काही लोक स्वतःला उंच समजत होते, आणि आपल्या घरातले जुने लोकही त्यांतलेच होते. आईने माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता बोलणी बसणार. पण ती महाद्वाराच्या उंबऱ्याकडे बघत म्हणाली, “चुकलंच आपल्या लोकांचं.” आणि थोड्या वेळाने, “श्यामची आई सांगते ना, त्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढव म्हणून.”

सांगते खरी. त्या काळात ब्राह्मण घरातल्या बाईने महार म्हातारीला हात लावायला मुलाला पाठवायचे म्हणजे थोडे नव्हे. मात्र नंतर घरी येऊन आंघोळ कर, असेही ती सांगते. तिच्या लेकाने पुढची पायरी चढली. मे १९४७ मध्ये पंढरीच्या विठोबाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले आणि दार उघडले. आई जिथे थांबली तिथून मुलगा पुढे गेला, आणि तरीही त्याने तिला आपला गुरू मानले. थोरल्याला हे सगळे कितपत उमगले देव जाणे. बाहेर पडताना त्याने एवढेच विचारले, की ती माणसे मग कुठे जेवली असतील.

त्या संध्याकाळी आम्ही मिसळ खाल्ली. ती तिखट होती. याहून अधिक काही सांगण्यासारखे नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे, ते पाहायचे राहिलेच. मुलांची चाल म्हटली की असे काही हातचे जायचेच.

शेवटच्या दिवशी पांडवलेणी. पांडवांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. ही बौद्ध लेणी, संख्येने चोवीस, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पायऱ्या पुष्कळ. थोरल्याने मोजल्या, जाताना एक आकडा आला, येताना दुसरा, आणि दोन्ही बरोबर असल्याचे त्याने सिद्ध केले. आईला डोली विचारली तर तिने डोलीवाल्यालाच वय विचारले आणि पायी चढली.

तिसऱ्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीत एक मोठा लेख कोरला आहे. तो गौतमी बलश्रीचा, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावी याच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षी, या बाईने हे लेणे दान दिले आणि मुलाचे गुण दगडात कोरवून घेतले. त्याच्या घोड्यांनी तिन्ही समुद्रांचे पाणी प्यायले, त्याने शक, यवन, पल्हवांचा बीमोड केला, अशी थोरवी आहेच. पण त्याच ओळींमध्ये हेही आहे, की तो आईची सेवा कधी चुकला नाही. सम्राटाच्या पराक्रमाच्या यादीत ही बाब घालावी असे आईलाच सुचणार! एका नाशकात मुलाने आईवर लिहिलेले पुस्तक आणि आईने मुलावर लिहिलेला शिलालेख, दोन्ही. मध्ये अठराशे वर्षे. आईला मी हे समजावून सांगितले. तिने भिंतीवरून हात फिरवला, जणू वाचता येत होते, आणि म्हणाली, “नातवाच्या राज्यात आजीचं ऐकत होते म्हणायचे.” मुलांची आई मनापासून हसली. चार दिवसांत दोघी प्रथमच एका गोष्टीवर हसल्या.

डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा, आणि बरेचसे चित्रपट त्यांनी या नाशकातच काढले. स्मारकाच्या सावलीत दमून बसलो, तेव्हा मी फोनवर मुलांना ‘कालिया मर्दन’चा तुकडा दाखवला. हा चित्रपट १९१९ चा, मुका. त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, अवघ्या सात वर्षांची. सुरुवातीलाच ती साध्या मुलीच्या वेषात कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते. मग कृष्ण होते, आणि पुढे यमुनेत कालियाशी झुंजते.

धाकटीने तो तुकडा दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा मी फोन मागितला तर दिला नाही.

“हिला भीती वाटली होती?”

“वाटली असेल.”

“मग तिच्या बाबांनी काय केलं?”

मला ते माहीत नव्हते. आजीने पिशवीतून उरलेला शेंगदाण्याचा लाडू काढला, जेवायला अजून तास होता तरी, आणि दोन तुकडे करून दोन्ही मुलांच्या हातावर ठेवला. मुलांच्या आईने पाहिले, आणि रिक्षा बघायला उठली.